पुरातून आलेला ऑर्गन: दुरुस्तीच्या नोंदी

१२ मे २०२४, रविवार

सांगलीच्या गावभागातल्या काकूंच्या वाड्यातून पायाने भाता मारून वाजवायचा ऑर्गन आज मिरजेला आणला. टेंपोत चढवायला मी, मिस्त्री, काकूंचा पुतण्या आणि रस्त्यावरून जाणारा एक भला माणूस. दोन्ही बाजूंना लोखंडी कड्या आहेत म्हणून जमले. या कड्या कारखान्याच्या नाहीत. परदेशी दिवाणखान्यातला ऑर्गन एकदा भिंतीला लावला की लावला, त्याला कड्या कशाला? या गावोगाव फिरणाऱ्या नाटक कंपनीच्या लोहाराने मारलेल्या आहेत, आणि स्क्रूऐवजी आरपार बोल्ट घातलेत. जो कोणी होता त्याला बैलगाडीचे धक्के ठाऊक होते.

माथाही कापलेला आहे. असल्या ऑर्गनांवर पूर्वी आरसा, फळ्या, नक्षीकामाचा मोठा डोलारा असायचा. तो असता तर वाजवणाऱ्याला समोरचा नट दिसला नसता. म्हणून करवतीने सरळ उडवला आणि वर सागाची फळी ठोकली. बाकीचे लाकूड अक्रोडाचे.

खालून दोन वीत उंचीवर मातकट रेघ आहे. २०१९ च्या ऑगस्टमधला कृष्णेचा पूर. काकू म्हणाल्या, "पाणी चढायला लागलं तेव्हा आधी गॅसची टाकी वर नेली, मग देव, मग कागदपत्रं. ह्याला कोण उचलणार होतं?"

बनवणाऱ्याचे नाव कुठेच नाही. पट्ट्यांवरचे झाकण कधीतरी बदललेय, नाव त्याच्यासोबत गेले असणार. पट्ट्या ६१, म्हणजे पाच सप्तके, पांढरी चार ते पांढरी चार (C ला पांढरी एक धरून मोजायचे, म्हणजे F ते F). सुरांचे संच उघडबंद करायच्या खुंट्या अकरा, दोघींच्या चकत्या नाहीत. आवाज शून्य. पेडल मारले की नुसता फुस्स.

ठरवले: आज काहीही दुरुस्त करायचे नाही. फक्त फोटो.

१९ मे

मागची फळी काढली. आतून स्वच्छ, बाहेरून मात्र काळी कुळकुळीत. मिस्त्री म्हणाले, चुलीपाशी ठेवला असेल. मला तसे वाटत नाही. नाटकात ऑर्गनवाला रंगमंचासमोरच्या खड्ड्यात, प्रेक्षकांकडे पाठ करून बसतो. म्हणजे ऑर्गनची पाठ रंगमंचाकडे. तिथे समोरच दिव्यांची रांग, वर बत्त्या, आणि नांदीच्या वेळचा धूप. काजळी फक्त तिथेच आणि वरच्या अर्ध्यातच आहे. चुलीपाशी असता तर सगळीकडून माखला असता.

ही काजळी पुसायची नाही असे वहीत लाल शाईने लिहिले, कारण मिस्त्रींच्या हातात तेव्हा टर्पेंटाइनचे फडके होते.

स्क्रू काढताना पुठ्ठ्यावर ऑर्गनची आकृती काढली आणि प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टोचून ठेवला. आयटीआयमध्ये तीस वर्षे पोरांना हेच सांगत आलो. प्रत्येक भोकाची आपल्या स्क्रूशी शंभर वर्षांची ओळख असते, अदलाबदल केली की लाकूड पिंजते.

पुतण्या कीबोर्ड वाजवतो. त्याला वाटत होते ही मोठी हार्मोनियम आहे, फक्त पायाने भाता मारायचा. त्याला हात लावून दाखवले. पेटी वारा बाहेर फुंकते, हा आत ओढतो. हार्मोनियमचे पेटंट पॅरिसमध्ये देबँ याने १८४२ मध्ये घेतले, ते फुंकणारे यंत्र. अमेरिकेत मात्र ओढणारे ऑर्गन फोफावले. बॉस्टनची मेसन अँड हॅम्लिन, व्हरमाँटमधल्या ब्रॅटलबरोची एस्टी. एकट्या एस्टीने पाच लाखांवर ऑर्गन बनवले. पेडलाला जोडलेले दोन छोटे भाते मोठ्या भात्यातली हवा उपसून टाकतात, आत पोकळी तयार होते, आणि पट्टी दाबली की बाहेरची हवा सुरातून, म्हणजे पितळी रीडमधून, खाली खेचली जाते. आवाज त्यामुळे पेटीपेक्षा गोल लागतो, टोचत नाही. शिवाय दोन्ही हात मोकळे.

पुतण्याने फोनवर 'थिएटर ऑर्गन' शोधून मला वुर्लित्झर दाखवला. तो वेगळा प्राणी. पाइपांचा, विजेच्या पंख्यावर चालणारा, मूकपटांना साथ करण्यासाठी बांधलेला. होप-जोन्स नावाचा इंग्रज १९१० मध्ये त्या कंपनीत गेला तेव्हापासूनचा. त्यांच्या थिएटरात ऑर्गन इमारतीचाच भाग असायचा, आणि इमारत पडली की तोही जायचा. आमचा मात्र बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरलेला.

२६ मे

भाता उघडला. पुराने काय केले ते आता कळले. रबरी कापड चामड्यासारखे ताठ होऊन तडकले होते, पण ते पुराआधीच मेलेले असणार. पाण्याने सांधे सोडले. सगळे सरसाने जोडलेले होते आणि सरस पाण्यात विरघळतो. मिस्त्री हळहळले. मी मात्र खूश झालो. फळ्या तुटलेल्या नाहीत, नुसत्या सुट्या झाल्यात. गरम सरस लावला की पुन्हा जिथल्या तिथे.

खरा त्रास डाव्या कोपऱ्यात आहे. तिथे कोणीतरी अलीकडे सुताराचा पांढरा गोंद ओतलाय. तो पुरातही सुटला नाही, आणि आता आम्हालाही सुटत नाही. एका सांध्याला दीड दिवस गेला, वर लाकडाचा टवका उडाला तो वेगळाच. शंभर वर्षे टिकेल असे जोडण्यापेक्षा पुढच्याला उघडता येईल असे जोडावे. हे मिस्त्रींना पटले नाही. "सर, उघडायला लागू नये म्हणूनच तर जोडतो आपण."

आत सापडले: सुपारीचे खांड, केसांचे दोन आकडे, मोडकी काजळाची डबी. पेडलांचे पट्टे म्हणून खाटेची नवार लावलेली. मूळ पट्टे कसले होते कोण जाणे, नवार झकास टिकली आहे. ठेवणार.

२ जून

काही नाही. हवा दमट, सरस सुकत नाही.

१६ जून

सूर काढले. (रीड म्हणा, आमच्या मिरजेच्या गल्लीत सूरच म्हणतात.) वाकड्या टोकाच्या तारेने एकेक ओढून काढायचा आणि जुन्या वर्तमानपत्रावर आखलेल्या चौकोनात ठेवायचा. दोन पूर्ण संच, म्हणजे १२२, आणि उजव्या बाजूच्या ३७ पट्ट्यांसाठी तिसरा अर्धा संच. एकूण १५९ हवेत, मिळाले १५७. पाणी इथवर चढले नव्हते, त्यामुळे पितळ शाबूत. एक संच पेटीच्या नरासारखा, म्हणजे मधल्या सप्तकाचा, दुसरा त्याच्या वरच्या सप्तकात बोलणारा.

बहुतेक मुके सूर नुसत्या कचऱ्याने मुके होते. सुरातल्या थरथरणाऱ्या पितळी जिभेखाली केसाएवढा कण अडकला तरी सूर बोलत नाही. मऊ ब्रश, पातळ कागदाची पट्टी, फार तर थोडे पेट्रोल. पुतण्याला ते चिंचेने घासून लखलखीत करायचे होते. नको. घासले की पितळ झिजते, झिजले की सूर बदलतो. शिवाय प्रत्येक जिभेला कारखान्यातल्या कारागिराने हाताने किंचित बाक दिलेला असतो, त्या बाकात त्या संचाचा आवाज असतो. जोराने चोळणारा माणूस तो सपाट करून टाकतो.

आजची खरी गोष्ट तिसऱ्या संचाची. त्याच्या खुंटीची तार आकड्यातून काढलेली होती. आधी वाटले निसटली. पण तार नीट वळवून बाजूच्या खिळ्याला अडकवली आहे, आणि त्या संचाच्या झडपेवर बुरणुसाची (फेल्टची) पट्टी चिकटवून ती कायमची बंद केलीय. म्हणजे मुद्दाम. हा संच मुख्य संचापेक्षा किंचित चढा लावलेला असतो. दोन्ही एकत्र वाजले की आवाज थरथरतो, लहरतो. चर्चमध्ये, दिवाणखान्यात तो थरथराट गोड वाटत असेल. पण समोर नट षड्ज लावून उभा आहे आणि साथीचा सूरच हलतोय म्हटल्यावर गवई काय म्हणेल? कोणीतरी पहिल्याच मुक्कामात पाना घेऊन त्याचे तोंड बांधले असणार.

रात्री बराच वेळ हेच डोक्यात. मी हा ऑर्गन कारखान्यातून निघाला तसा करणार होतो. आता वाटते, तसा तो फक्त वर्षभर असेल. उरलेली सगळी वर्षे तो असा, माथा कापलेला, कड्या ठोकलेला, एक संच मुका केलेला होता. कारखान्यातल्यासारखे अमेरिकेत हजारोंनी पडून आहेत.

तार जोडणार नाही.

२३ जून

पट्टी, म्हणजे सुरांची मूळ उंची. यावरून आज घरात वाद.

स्वच्छ केलेले दहाबारा सूर तोंडाने हवा ओढून वाजवून पाहिले, मग फोनवरच्या ट्यूनरने. पांढरी सहा (A) ४५१ ते ४५३ हर्ट्झच्या दरम्यान. आज जगात ती ४४० ला लावतात. म्हणजे आमचा ऑर्गन जवळजवळ पाव स्वर वर, ना पांढरी ना काळी. पुतण्याने लगेच निदान केले, "बिघडलाय." पण तपासलेले सगळे सूर एकाच दिशेने, एकाच मापाने कसे बिघडतील? एकोणिसाव्या शतकात उंच पट्टीच चालायची. फ्रान्सने १८५९ मध्ये कायद्याने ४३५ ठरवली, ४४० वर सगळ्यांचे एकमत व्हायला १९३९ उजाडले. त्याआधीचा ऑर्गन आपल्या काळाची पट्टी घेऊन आला आहे एवढेच.

पुतण्याचे म्हणणे: ४४० वर आणला तर बासरीबरोबर, कीबोर्डबरोबर वाजेल, नाहीतर शोभेची वस्तू. मुद्दा खोटा नाही. पण सूर उतरवायचा म्हणजे प्रत्येक जिभेच्या बुडाशी, रिव्हेटजवळ, कानशीने पितळ काढायचे. दीडशे जिभा. काढलेले पितळ परत लावता येत नाही.

शिवाय नाटकात पट्टी ऑर्गनला कोण विचारतो? तबला चढवता येतो, सारंगीची तार ओढता येते, गवई ऐकून लावतो. न हलणारा एकटाच असतो, बाकीचे त्याच्याकडे येतात.

काकूंना विचारले. त्या म्हणाल्या, "मामंजी वाजवायचे तेव्हा सासूबाई गायच्या. त्यांना कधी अडलं नाही." विषय संपला. पुतण्या फुरंगटला.

(सम स्वरांतरांचा, म्हणजे सप्तकाचे बारा सारखे भाग पाडण्याचा, प्रश्न उरतोच, तो मला सोडवायचा नाही. याही कारणाने १९४० मध्ये आकाशवाणीने हार्मोनियमला दार बंद केले होते. बुवालोक तेव्हा चिडले, तरी त्या टीकेत तथ्य होते. पण ज्या रंगभूमीवर हा वाजला तिने ती तडजोड डोळे उघडे ठेवून केली होती. ध्वनिक्षेपक नसलेल्या थिएटरात शेवटच्या रांगेला षड्ज पोचवायचा होता.)

७ जुलै

माझ्या हातून एक सूर मोडला. मधल्या सप्तकातली काळी दोन, मुख्य संच. शेजारच्यांपेक्षा थोडी उतरलेली होती, म्हणून टोकाशी हलके खरवडत होतो. टोकाला पितळ कमी केले की सूर चढतो. फोन वाजला, लक्ष गेले, जीभ उचलायला खाली सरकवलेली पट्टी तिरकी झाली. टक.

तासभर कोणाशी बोललो नाही.

१० जुलै

आमच्या गल्लीतल्या पेटीवाल्या चाचांकडे गेलो. मिरज तंतुवाद्यांसाठी गाजलेली, पण पेट्यांचेही हात इथे आहेत. चाचांनी मोडका सूर दिव्यापुढे धरला, म्हणाले, "चौकट जुनीच ठेवा. जीभ मी बसवतो." पेटीला लागणारे सूर गुजरातेतल्या पालिताण्याहून येतात, त्यातल्या एका खर्जाच्या जिभेचे पितळ कापून, घासून त्यांनी रिव्हेट मारला. बाक मात्र तीनदा चुकला. पहिल्यांदा पेटीसारखी कर्कश, दुसऱ्यांदा उशिरा बोलणारी. चौथ्यांदा बसला. पैसे घेतले नाहीत, चहा मात्र मलाच पाजायला लावला.

चौकटीच्या मागे सुईने बारीक अक्षरांत कोरले: जीभ नवी, मिरज, २०२४. आधी न सापडलेल्या दोन जागीही चाचांकडूनच, तसेच कोरून.

२८ जुलै

चार दिवस मुसळधार. सगळी सांगली कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाण्याचा आकडा विचारत उठते आणि विचारत झोपते. माझे घर उंचावर आहे, तरी ऑर्गनचा सांगाडा चार विटांवर आणि सूर माळ्यावर चढवले. उगीच. पण झोप लागली.

९ ऑगस्ट, नागपंचमी

काम नाही. काल रात्री कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह जळाले. सकाळपासून फोनवर तेच फोटो, छप्पर नाही, आत काळा खड्डा. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये बांधवलेले पॅलेस थिएटर ते हेच. आणि आज केशवरावांची जयंती. आदल्या रात्री.

चाचा आले होते, बसून राहिले. केशवराव आणि बालगंधर्व यांनी १९२१ च्या जुलैत मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त 'मानापमान' केले, ते चाचांना त्यांच्या आजोबांनी सांगितलेले. आजोबांनी ते पाहिले नव्हते, त्यांनाही कोणीतरी सांगितलेले. तीन महिन्यांत केशवराव गेले, वय एकतीस.

गंधर्व मंडळीच्या साथीला ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे, सारंगीला कादरबक्ष, तबल्याला थिरकवाँ. तबकड्यांमुळे बालगंधर्वांचा गळा आपल्याला ऐकता येतो. त्यामागचा ऑर्गन त्यात दूर, खरखरीत, पडद्याआड बोलल्यासारखा येतो. तो प्रत्यक्षात खोलीत कसा भरायचा हे कळायला वाजणारा ऑर्गनच समोर लागतो.

इमारत विटांनी पुन्हा बांधतील, बांधायलाच हवी. मी संध्याकाळी माझ्या खोलीतली वायरिंग तपासली आणि टर्पेंटाइनची बाटली बाहेर पडवीत नेऊन ठेवली.

१ सप्टेंबर

भाता शिवून झाला. कापड नवे, रबर चढवलेले, पुण्याहून मागवले. कोपऱ्यांना बकऱ्याचे पातळ कातडे. सांधे सगळे सरसाने. मिस्त्रींनी सरस शिजवताना उतू घातला, घरभर वास, घरातून जे ऐकायला मिळाले ते इथे लिहीत नाही.

झडपांखालची जुनी बुरणुसाची अस्तरे कसरीने चाळणी केली होती. तिथे नवी घालण्याशिवाय इलाज नव्हता. जुन्यांपैकी धड असलेल्या सहा काढून पाकिटात ठेवल्या.

१५ सप्टेंबर

भात्याची परीक्षा. सगळ्या खुंट्या बंद, पेडल मारून भाता पूर्ण मिटवायचा, पाय सोडायचे, आणि आतल्या स्प्रिंगा त्याला परत उघडेपर्यंत सेकंद मोजायचे. पहिल्यांदा नऊ. उदबत्तीचा धूर फिरवून गळती शोधली. धूर जिथे आत खेचला जातो तिथे भोक. डावा कोपराच, तोच पांढऱ्या गोंदाचा. कातड्याची चकती लावली. एकतीस. सगळ्या पाचरी आवळल्यावर अठ्ठेचाळीस. अठ्ठेचाळीसवर थांबलो. आणखी आवळले असते तर लाकूड बोलले असते.

६ ऑक्टोबर

पहिला आवाज. पांढरी चार, मग पाच. मग मिस्त्रींनी न सांगता सगळा तळवा ठेवला.

पुतण्याचा राग गेलाय. आता त्याची नवी सूचना: व्हॅक्यूम क्लीनरची मोटर जोडू, पाय कशाला मारायचे? जमते ते, अनेकांनी केलेय. पण त्याला दहा मिनिटे बसवून दाखवले. पाय हळू मारला की सूर किंचित मागे सरतो, दाबून मारला की भरतो. गुडघ्याने लाकडी पंख ढकलला की आतल्या फळ्या उघडून आवाज मोठा होतो. गाणारा खाली उतरला की गुडघा आत, त्याने तान टाकली की बाहेर. ही साथ पायात आणि गुडघ्यात असते. मोटर लावली की नुसता आवाज राहील. गोविंदराव पटवर्धनांना ऑर्गनवर ज्यांनी पाहिलेय त्यांना हे सांगावे लागत नाही. मी सांगलीत एकदाच पाहिले, आणि सारा वेळ त्यांच्या हातांकडेच बघत बसलो होतो, पायांकडे नव्हे. मूर्खपणा.

२० ऑक्टोबर

रंगभूमी दिन जवळ आला. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी इथेच 'सीतास्वयंवर' केले, त्यामुळे सांगलीत ५ नोव्हेंबरला मांडव पडतात. एका ठिकाणाहून ऑर्गन दिवसभर व्यासपीठावर मांडायला द्या अशी मागणी आली, "मस्त पॉलिश करून". पॉलिश केलेले नाही आणि करणार नाही, फक्त मातीची रेघ सोडून बाकी धूळ पुसली. वर मांडव उघडा, दुपारचे ऊन. नवा सरस अजून कोवळा आहे. नाही म्हटले. थोडे वाईट वाटले, कारण लोकांनी बघायला हवा हेही खरेच.

२४ नोव्हेंबर

ऑर्गन काकूंकडे परत गेला, आता माडीवर. जिना अरुंद, एक कडी भिंतीला लागून पोपडा निघाला. पुन्हा पाणी आले तर किमान हे उचलणे नको.

संध्याकाळी काकूंच्या ओळखीची एक मुलगी गायला आली, तबल्याला तिचा भाऊ, ऑर्गनवर चाचा. इलेक्ट्रॉनिक तानपुरा ऑर्गनच्या पट्टीला आणायला दोन मिनिटे लागली, त्यात बारीक स्वर सरकवायची सोय असतेच. तबल्याला पाऊण तास. तो पोरगा गट्ठे ठोकून ठोकून घामाघूम झाला, पुटपुटला, "हा कुठला सूर आहे?" शेवटी जुळला. मुलीने भीमपलासमधले एक पद घेतले. पहिला अंतरा जरा बिचकत, नंतर ऑर्गनच्या वर बसून. काकू खुर्चीत नव्हत्या. स्वयंपाकघरात जाऊन ऐकत होत्या.

दोष: वरच्या सप्तकातली काळी चार दमट हवेत चिकटते. डाव्या पेडलाची बिजागरी कुरकुरते, शांत आलापीत ऐकू येते. पट्ट्यांची यादी, कोरलेल्या सुरांचे क्रमांक आणि काढलेली अस्तरे एका पाकिटात घालून मागच्या फळीच्या आत टाचणीने लावली. पुढच्या रविवारी मेण घेऊन यायचे, आणि पोपड्यासाठी थोडे सिमेंट.